पिओनीला पानं रग्गड पण फूल एकही नाही? कुदळ उचलायच्या आधी हे बघा

पिओनी म्हणजे थंड प्रदेशातलं, वसंतात मोठाली फुलं देणारं झाड. आधी लक्षणं. तुमच्या झाडाचं नेमकं काय होतंय ते यातून ओळखा, कारण "फुलत नाही" ही तक्रार सगळ्यांची एकच असली तरी दुखणं वेगवेगळं असतं आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

- झुडूप हिरवंगार, पानं तुकतुकीत, पण कळीच धरत नाही.
- कळ्या येतात, वाटाण्याएवढ्या होतात आणि तिथेच तपकिरी-काळ्या पडून वाळून जातात.
- पूर्वी भरभरून फुलायचं, आता दरवर्षी फुलं कमी आणि लहान, काड्या बारीक, गड्ड्याचा मधला भाग विरळ.
- गड्डा फोडून लावला आणि तेव्हापासून फुलं बंद.
- वसंतात कोंब वर आले आणि अचानक त्यांनी मान टाकली, बुडाशी काळे पडले.
- पानांवर पिवळी वलयं किंवा नागमोडी पट्टे. हे शेवटचं वेगळं प्रकरण आहे, त्याच्यावर खाली बोलते.

मी स्वतःच्या बागेत आणि ओळखीच्यांच्या बागेत इतक्या वेळा या न फुलणाऱ्या पिओनीच्या मागे लागलेय की आता जाऊन पहिल्यांदा काय बघायचं ते हाताला पाठ झालंय, आणि बहुतेक वेळा गोष्ट दोनपैकी एकच निघते, एक तर डोळे जमिनीत फार खोल गेलेत नाहीतर मागच्या वर्षी फुलं संपल्यावर झाडाची हेळसांड झाली. डोळे म्हणजे गड्ड्याच्या माथ्यावर असतात त्या गुलाबी-लाल टोकदार कळ्या, उसाच्या कांडीला किंवा बटाट्याला जसा डोळा असतो तसेच. पुढच्या वर्षीचे कोंब आणि त्यातली फुलं याच डोळ्यांतून येतात आणि हे डोळे यंदाची फुलं गळून गेल्यावर उन्हाळ्यात, उन्हाळा सरता सरता जमिनीखाली तयार होतात. म्हणजे आपण जेव्हा "झाला सीझन" म्हणून पाठ फिरवतो नेमकं तेव्हा झाड पुढच्या वर्षाचं काम करत असतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की खालच्या प्रत्येक तपासणीचं कारण आपोआप कळतं.

क्रम स्वस्त आणि सोप्यापासून महाग आणि अवघडापर्यंत ठेवलाय. कृपा करून उलटं जाऊ नका. खणणं हा शेवटचा उपाय आहे, कारण एकदा गड्डा उचलला की फुलं दोन-तीन वर्षं लांबलीच समजा.

१. झाड कुठल्या प्रकारचं आणि किती वर्षांचं

याला खर्च शून्य. थंडीत सगळं जमिनीपर्यंत वाळून जातं आणि वसंतात पुन्हा खालून कोंब येतात ती साधी पिओनी, 'सारा बर्नहार्ट' आणि 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' या जुन्या लाडक्या जाती त्यातल्याच. थंडीत पानं गळली तरी लाकडासारखं खोड उभं राहतं ती ट्री पिओनी. आणि या दोघींच्या संकरातून झालेली ती इतो पिओनी. लावायची खोली, छाटणी, गड्डा फोडणं हे सगळं प्रकाराप्रमाणे बदलतं म्हणून हे आधी.

मग वय. नवीन लावलेली किंवा फोडून लावलेली साधी पिओनी पहिल्या वर्षी फुलली नाही, दुसऱ्या वर्षी एखाददुसरं फूल आलं, तर त्यात बिघडलेलं काहीच नाही. तिसऱ्या वर्षापासून ती खरी रंगात येते. तीन वर्षं झाली नसतील आणि पानं निरोगी असतील तर इथेच थांबा, पाणी देत राहा, बाकी काही करू नका. मी बघितलंय की लोक दुसऱ्या वर्षी धीर सोडून झाड उपटून दुसरीकडे लावतात, तिथे पुन्हा दोन वर्षं वाट बघून तिसरीकडे, आणि ते बिचारं झाड दरवेळी एकपासून मोजायला लागतं. इतो पिओनी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या जपानच्या तोइची इतोंना १९४८ मध्ये हा संकर साधला आणि १९५६ साली ते गेले, आपल्या रोपांची फुलं त्यांनी बघितलीच नाहीत. या झाडाचा वेग हा असा आहे.

२. ऊन

एक दिवस सुट्टीचा बघून दर दोन तासांनी बाहेर जाऊन नुसतं बघा झाडावर ऊन आहे की सावली. किमान सहा तास थेट ऊन हवं, जास्त मिळालं तर उत्तम, फक्त फार कडक उन्हाळ्याच्या जागी दुपारची थोडी सावली चालते. हे फुलायच्या महिन्यात बघा आणि नंतर उन्हाळ्यात पुन्हा एकदा बघा, कारण वसंतात शेजारच्या झाडाला पानं नसतात तेव्हा जागा उन्हाची वाटते आणि डोळे तयार व्हायच्या वेळी तिथे गच्च सावली असते. "पूर्वी फुलायचं, आता नाही" या तक्रारीत मला बरेचदा हेच सापडलंय. पिओनी जागची हललेली नसते, बाजूचं झाड दहा वर्षांत मोठं झालेलं असतं. आणि सावलीसोबत त्या झाडाची मुळंही येतात, पाणी आणि खत तीच आधी पितात.

३. कात्री कुठे चालवली

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते, फुलं संपल्यावर काय कापलंत? निम्मे लोक सांगतात की झुडूप पसरलं होतं, पावसाने आडवं पडलं होतं, म्हणून बुडापासून साफ केलं. तिथेच पुढच्या वर्षीची फुलं गेली. पानं ही स्वयंपाकघर आहेत, त्यांनी बनवलेलं अन्न मुळांत साठतं आणि त्याच साठ्यावर डोळे भरतात.

करायचं ते एवढंच, फूल कोमेजलं की ते त्याच्या खालच्या पहिल्या चांगल्या पानाच्या वर कापायचं, म्हणजे बी धरण्यात ताकद जात नाही आणि कुजणाऱ्या पाकळ्यांवर बुरशीही धरत नाही. बाकी पानं शरद ऋतूत पिवळी-तपकिरी पडेपर्यंत हात लावायचा नाही. उन्हाळा संपताना पानांवर पांढरी भुरी आली तर दिसायला वाईट दिसते पण त्यासाठी अख्खं झाड भादरू नका, भुरीने झाड मरत नाही. पडणाऱ्या काड्यांना कापण्यापेक्षा आधार द्या, वसंतात कोंब वीतभर असतानाच गोल कडं लावलं तर काड्या त्यातून आपोआप वर येतात, नंतर लावायला गेलं की मोडतात.

फुलदाणीसाठी फुलं तोडतानाही तेच. एका झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काड्या घेऊ नका आणि प्रत्येक काडीवर निदान दोन-तीन पानं मागे ठेवा. लहान, नव्या झाडाच्या तर लांब काड्या तोडूच नका.

पानं वाळली की मात्र साधी पिओनी जमिनीलगत कापून तो पाला बागेबाहेर टाका. इतोची खोडं बुडाशी दहा-पंधरा सेंटीमीटर ठेवा कारण त्यावर डोळे असू शकतात. ट्री पिओनीचं लाकडी खोड अजिबात बुडापासून कापायचं नाही, फुलं त्याच्यावरच येतात.

४. फुलं संपल्यावरचं पाणी

फुलं असताना सगळे पाणी घालतात, नंतर विसरतात. उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण अडीच सेंटीमीटर पावसाइतकं पाणी मिळायला हवं, आणि ते एकदाच भरपूर, रोज शिंतोडे नाही. बोट जमिनीत खुपसून बघा, दोन पेरं खाली कोरडं असेल तर द्या. पाणी बुडाशी द्या, पानांवर नको. उलट बाजूही बघा, पाणी दिल्यावर तासन् तास डबकं राहत असेल तर मुळं कुजणार, पिओनीला वाफसा हवा, चिखल नको.

५. खत

पानं गडद हिरवी, झुडूप दणकट आणि कळी नाही, अशा वेळी नत्र जास्त झालंय का बघा. बरेचदा पिओनीला कोणी खत घातलेलंच नसतं, शेजारच्या लॉनला घातलेलं पाण्याबरोबर वाहत येतं. उपाय म्हणजे नत्राचं खत बंद, आणि फुलं संपल्यावर गड्ड्यापासून वीतभर लांब गोलाकार, स्फुरद आणि पालाश जास्त नत्र कमी असं खत हलक्या हाताने, पाकिटावर लिहिलंय त्याहून जास्त कधीच नाही. ताजं शेणखत गड्ड्यावर टाकू नका, डोळे कुजतात. मातीचा सामू (पीएच) साडेसहा ते सातच्या आसपास असला की पिओनी खूश असते.

६. वाळलेली कळी उघडून बघा

हे ज्यांच्या कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन थांबतात त्यांच्यासाठी. एक कळी तोडून मधोमध चिरा आणि काडी वरपासून खालपर्यंत नीट बघा.

कळीवर किंवा बुडाशी राखाडी मऊ बुरशी दिसतेय, कोंब बुडाशी काळा होऊन आडवा पडतोय, तर तो बोट्रायटिस, राखाडी बुरशीचा करपा. गारठा आणि ओल एकत्र आली की हा जोर धरतो. लागलेला भाग खालच्या निरोगी भागापर्यंत कापून लगेच बागेबाहेर, कंपोस्टमध्ये नाही. बुरशी जुन्या पाल्यात थंडी काढते आणि वसंतात तिथूनच वर येते म्हणून शरदातली साफसफाई हाच याच्यावरचा मोठा उपाय आहे. झाडं दाट असतील तर हवा खेळत नाही, तेही बघा.

बुरशी कुठेच नाही, कळी आतून तपकिरी आहे, आणि सगळ्या झाडाच्या कळ्या एकाच आठवड्यात गेल्या, तर आठवून बघा उशिराचं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं होतं का. तसं असेल तर पुढच्या वर्षी त्या रात्री जुनी चादर टाका, सकाळी काढा. दहिवरही नसेल तर कळी धरायच्या वेळी पाणी कमी पडलं, किंवा झाडात एवढ्या कळ्या पोसायची ताकद नव्हती, म्हणजे परत तिसऱ्या-चौथ्या मुद्द्यावर या.

आणि मुंग्या. कळीच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांवर गोड रस सुटतो तो प्यायला मुंग्या येतात, त्या कळीला काही करत नाहीत आणि कळी उघडायला त्यांची गरजही नसते. औषध मारू नका. फूल घरात न्यायच्या आधी झटकलं की झालं.

७. डोळ्यांची खोली, इथे वेळ घाला

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे आणि याला खुरप्याचीही गरज नाही. शरदात पाला कापल्यावर किंवा वसंताच्या अगदी सुरुवातीला गड्ड्याच्या एका बाजूने बोटांनी हळूच माती सारा, लाल-गुलाबी टोक दिसेपर्यंत. जोर लावू नका, डोळे काचेसारखे तुटतात. टोक दिसलं की आडवी काठी जमिनीच्या पातळीला ठेवून पट्टीने मोजा. साध्या पिओनीचे डोळे अडीच ते पाच सेंटीमीटर खाली हवेत, बोटाची एक ते दोन पेरं. थंडी सौम्य असेल तिथे अजून वर, अडीचच्या आतच. त्याहून खोल असतील तर पानं येत राहतील आणि फुलं नाही, वर्षानुवर्षं.

लोक म्हणतात आम्ही बरोबर मोजून लावलं होतं. बरोबर असेल, पण खड्ड्यातली भुसभुशीत माती नंतर बसते आणि गड्डा तिच्यासोबत खाली जातो. आणि दुसरं, वरून चढत जाणारा थर. माझं एक झाड चार वर्षं छान फुलून मग बंद पडलं, मी ऊन बघितलं, खत बघितलं, काही सापडेना, शेवटी माती सारून बघितली तर डोळे नऊ सेंटीमीटर खाली. दर शरदात थंडी लागू नये म्हणून मीच त्याच्यावर कंपोस्टचा थर घालत होते आणि वसंतात काढत नव्हते. त्या झाडाला खणावं लागलं नाही, वरचा थर अलगद काढला, भोवती पाणी साचू नये म्हणून उतार दिला, आणि पुढच्या वर्षी सहा फुलं आली. म्हणून सांगते, आधी वरची माती काढून बघा. मूळ जमीनच उंच असेल आणि गड्डा खरोखर खोल रुतला असेल तरच उचलायचा, आणि तोही शरदातच.

ट्री पिओनीला हा नियम लावू नका. ती बहुतेक वेळा साध्या पिओनीच्या मुळावर कलम केलेली असते आणि तो सांधा मुद्दाम दहा-पंधरा सेंटीमीटर खाली पुरतात, म्हणजे वरच्या कलमाला स्वतःची मुळं फुटतात. तिथे बुडातून वेगळ्याच पानांचे कोंब येत असतील तर ते खालच्या मुळाचे, ते उगमापासून काढून टाका नाहीतर तेच झाड ताब्यात घेतात.

८. थंडी पुरतेय का

पिओनीला फुलायला लांब थंड झोप लागते, कित्येक आठवडे चार-पाच अंशांच्या खाली. हिमालयातसुद्धा पांढऱ्या फुलांची एक रानटी जात आहे, पिओनिया इमोडी, तीही थंडीत जमिनीखाली जाऊनच वसंतात वर येते. कुंडीतलं झाड थंडीत घरात आणून ठेवत असाल तर ते न फुलण्याचं कारण तेच, त्याला बाहेर गारठ्यात राहू द्या. आणि जिथे हिवाळाच उबदार आहे तिथे खत, पाणी, जागा काही बदललं तरी उपयोग नाही, हे मी कोणालाही स्पष्टच सांगते.

९. आता खणणं आणि फोडणं

वरचं सगळं बघून झालं आणि गड्डा खरंच खोल आहे, किंवा सावलीत अडकलाय, किंवा मधून पोकळ होऊन फुलं घटत चाललीत, तरच इथे या. पिओनीला ठराविक वर्षांनी फोडावंच लागतं असं काही नाही, चांगल्या जागी ती पन्नास वर्षंही एकाच ठिकाणी सुखाने फुलते.

वेळ उत्तर गोलार्धात सप्टेंबर-ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात मार्च-एप्रिल. फुलं संपली की लगेच नाही! तेव्हा डोळे अजून तयार नसतात. शरदात डोळे भरलेले असतात आणि जमीन अजून कोमट असते म्हणून बारीक नवी मुळं थंडीच्या आधी फुटतात. वसंतात फोडलं तर साठ्यातलं अन्न पानांत जातं आणि प्यायला मुळंच नसतात.

काड्या वीतभर ठेवून कापा. गड्ड्यापासून तीस सेंटीमीटर लांब चारी बाजूंनी दाताळं घालून सैल करा, काड्या धरून ओढू नका. उचलला की माती झटकून पाण्याने धुवा, डोळे दिसल्याशिवाय सुरी चालवायची नाही. मग दोन-तीन तास सावलीत ठेवा, ताजी मुळं ठिसूळ असतात आणि थोडी मऊ पडली की कमी तुटतात. गड्ड्यात नैसर्गिक बेचकी असते तिथे धारदार सुरीने कापा, प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच डोळे आणि त्याला पुरतील इतकी जाड मुळं. एक-दोन डोळ्यांचा तुकडाही जगतो पण फुलायला जास्त वर्षं घेतो. दर कापानंतर सुरी स्पिरिटने पुसा. कुजका, काळा, पोकळ भाग निरोगी पांढऱ्या गरापर्यंत कापून टाका. अख्खा जुना गड्डा तसाच उचलून दुसरीकडे ठेवायचा मोह होतो पण जुन्या जाड मुळांना नवी मुळं फुटायला फार वेळ लागतो, तो फोडूनच लावा.

नवी जागा शक्यतो जिथे आधी पिओनी नव्हती अशी. खड्डा पन्नास सेंटीमीटर खोल-रुंद, दोन झाडांत मीटरभर अंतर. खालची माती आधी पायाने दाबा आणि पाणी घालून बसू द्या, मगच गड्डा ठेवा, नाहीतर सातव्या मुद्द्यातली तीच चूक परत होते. डोळे वर, खड्ड्यावर आडवी काठी, अडीच ते पाच सेंटीमीटर, पुन्हा मोजा, पाणी घाला, माती बसली की परत मोजा. पहिल्या थंडीत जमीन गोठल्यावर वरून हलकं आच्छादन टाका म्हणजे गोठण्या-वितळण्यात गड्डा वर उचकटत नाही, आणि वसंतात ते न विसरता काढा. पहिल्या वसंतात कळी आलीच तर जीवावर येतं, पण खुडा.

कुठे थांबायचं

इतोचा गड्डा लाकडासारखा टणक असतो, करवत लागते आणि चुकीच्या जागी कापलं तर डोळे एकीकडे आणि मुळं दुसरीकडे जातात. पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या रोपवाटिकावाल्याकडून करून घ्या. ट्री पिओनी तर फोडायच्या भानगडीत पडूच नका. सावली मोठ्या झाडाच्या फांदीमुळे असेल तर शिडी लावून स्वतः चढू नका, ते काम झाडं छाटणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं आहे.

गड्डा धुतल्यावर बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, असू शकतात. तुकडे कुठेही लावू नका, कोणाला देऊ नका. पानांवर पिवळी वलयं असतील तर विषाणूचा संशय घ्या, त्याला औषध नाही आणि फोडलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर तो नव्या बागेत जातो. साफसफाई करूनही कोंब दोन-तीन वर्षं सलग काळे पडत असतील, किंवा अख्खं झाड भर उन्हाळ्यात ओल असताना सुकत असेल, तिथेही अंदाजाने औषधं मारत बसू नका. या सगळ्यात पान, काडी, मूळ आणि भोवतालची थोडी माती असा नमुना रोपांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत किंवा कृषी विद्यापीठात द्या. झाड पूर्ण मरायच्या आधी द्या, कुजलेल्या नमुन्यात मूळ रोग सापडत नाही, आणि नमुना काढायच्या आधी काही फवारू नका.